शक क्षत्रप नहपान आणि उषवदाताची अक्षयनीवी

कोणत्याही पूजेच्या आरंभी संकल्प सोडला जातो. त्यात देश आणि काल यांचा उच्चार होतो आणि त्या ओघात 'शालिवाहन शके' असे शब्द येतात. बोरी अरब येथे दर्शनास येऊन अभिषेक अथवा पूजा करणाऱ्या प्रत्येक भाविकाच्या कानावरून हे शब्द गेलेले असतात. घरातील पंचांग, लग्नपत्रिका, मंदिराच्या जीर्णोद्धाराचा कोनशिला-लेख, सर्वत्र हेच शब्द आढळतात. परंतु या दोन शब्दांत दोन शत्रुघराण्यांची नावे शेजारी शेजारी बसली आहेत, याकडे सहसा लक्ष जात नाही. 'शक' हे बाहेरून आलेल्या एका जमातीचे नाव होय. 'शालिवाहन' हे त्या शकांना महाराष्ट्रातून हुसकावून लावणाऱ्या सातवाहन घराण्याचे लोकांच्या तोंडी रुळलेले रूप होय.

महाराष्ट्रावर राज्य केलेल्या शकांपैकी सर्वांत प्रसिद्ध राजा नहपान. त्याचे राज्य गेले, वंश संपला, नाण्यांवरचा चेहराही मिटविण्यात आला. तथापि त्याच्या कुटुंबाने केलेली दाने शिळेवर कोरलेली असल्याने सुमारे दोन हजार वर्षांनंतर आजही अक्षरशः वाचता येतात. दान कसे द्यावे, कसे टिकवावे आणि ते पुढे चालते की नाही हे कसे पाहावे, याचे महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या तपशीलवार उदाहरणांपैकी हे एक आहे. भाविक आणि देणगीदार या दोघांनाही ते जाणून घेण्यासारखे आहे.

शक कोण होते ?

शक हे मूळचे मध्य आशियातील भटके, अश्वारोहणात निपुण असे लोक. इतर जमातींच्या रेट्यामुळे ते दक्षिणेकडे सरकले व आजच्या इराण-अफगाणिस्तानच्या सीमेवरील प्रदेशात स्थिरावले. त्यांच्यावरूनच त्या प्रदेशास 'शकस्थान' हे नाव पडले. तेथून सिंधमार्गे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ते भारतात आले. मथुरा, तक्षशिला, उज्जयिनी, सौराष्ट्र अशा ठिकाणी त्यांची सत्ता प्रस्थापित झाली. त्यांचे अधिकारी 'क्षत्रप' ही पदवी धारण करीत. हा शब्द मूळ इराणी असून त्याचा अर्थ प्रांताधिपती असा आहे. पुढे हे क्षत्रप स्वतंत्र राजांप्रमाणेच वागू लागले व मोठ्या क्षत्रपास 'महाक्षत्रप' म्हटले जाऊ लागले.

पश्चिम भारतात क्षत्रपांची दोन घराणी होऊन गेली. पहिले क्षहरात आणि दुसरे कार्दमक. नहपान हा क्षहरात घराण्यातील होय.

भूमक आणि नहपान

क्षहरात घराण्यातील पहिला ज्ञात क्षत्रप भूमक. त्याची केवळ नाणी उपलब्ध आहेत. त्यांवर बाण, वज्र, सिंहशीर्ष आणि चक्र ही चिन्हे आढळतात आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन्ही लिप्यांत लेख असतो. भूमकानंतर नहपान सत्तेवर आला. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस राजाचा मुखवटा असून भोवती ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठीत त्याचे नाव आहे. एकाच नाण्यावर तीन लिप्या ! ज्या राज्यात समुद्रापलीकडील व्यापारी, वायव्येकडील सैनिक आणि येथील शेतकरी-कारागीर एकत्र नांदत होते, त्या राज्याचे हे नाणे होते.

नहपानाच्या वैभवाचा पाया व्यापार हा होता. 'पेरिप्लस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने पहिल्या शतकात लिहिलेल्या प्रवासवर्णनात भडोच बंदराच्या राजाचा उल्लेख येतो. तो राजा म्हणजे नहपानच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच ग्रंथात पैठण व तेर येथून बैलगाड्यांतून माल भडोचला जात असे आणि कल्याण बंदराकडे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी नोंद आहे. सातवाहनांचे बंदर कोंडून सारा व्यापार आपल्या बंदराकडे वळविण्याचा हा डाव होता. सातवाहन आणि क्षहरात यांच्यातील वैराचे मूळ बऱ्याच अंशी या जकातीच्या उत्पन्नात होते.

नहपानाच्या काळातील शिलालेखांत ४१ ते ४६ ही वर्षे येतात. नाशिकच्या लेखांत त्याला 'राजा क्षत्रप' म्हटले आहे, तर जुन्नरच्या मानमोडी लेण्यातील वर्ष ४६ च्या लेखात 'महाक्षत्रप'. ही वर्षे शक संवताची मानल्यास त्याचा काळ इ.स. ११९ ते १२४ असा येतो. परंतु ती त्याच्या स्वतःच्या राज्यारोहणापासूनची असावीत आणि त्याची कारकीर्द इसवी सनाच्या पहिल्या शतकातील असावी, असे मत आता अधिक मान्यता पावले आहे.

जावई उषवदात याची दाने

नहपानाची माहिती आपणास मुख्यतः त्याच्या जावयामुळे मिळते. या जावयाचे नाव उषवदात, संस्कृतात ऋषभदत्त. तो दीनिकाचा पुत्र व नहपानाची कन्या दक्षमित्रा हिचा पती. वडिलांचे नाव शक वळणाचे आणि मुलाचे नाव येथील मातीतले, यावरून एकाच पिढीत हे कुटुंब किती बदलले याची कल्पना येते. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील, म्हणजेच आज पांडवलेणी म्हणून प्रसिद्ध असलेल्या लेण्यांपैकी क्रमांक १० च्या लेण्यात त्याचे व दक्षमित्रेचे लेख आहेत. त्यांत नोंदविलेली प्रमुख दाने पुढीलप्रमाणे :

१) तीन लक्ष गाईंचे दान.
२) बार्णासा नदीवर सुवर्णदान आणि तीर्थाचे, म्हणजे घाटाचे बांधकाम.
३) देव व ब्राह्मण यांना सोळा गावे.
४) वर्षभरात एक लक्ष ब्राह्मणांना भोजन.
५) प्रभास तीर्थावर ब्राह्मणांच्या आठ विवाहांची व्यवस्था.
६) भडोच, दशपुर (मंदसोर), गोवर्धन (नाशिक परिसर) आणि शूर्पारक (नालासोपारा) येथे यात्रेकरूंसाठी चौसोपी धर्मशाळा.
७) विहिरी, तलाव व बागा.
८) तापी, पार, दमणगंगा, डहाणूची खाडी इत्यादी ठिकाणी प्रवाशांना विनामूल्य नावा, तसेच नदीतीरांवर सभामंडप व पाणपोया.
९) नाणंगोल गावातील नारळाची बत्तीस हजार झाडे शूर्पारक आदी ठिकाणच्या परिव्राजकांना.
१०) त्रिरश्मी डोंगरात भिक्षूंसाठी लेणे व पाण्याची टाकी.

ही यादी वाचताना दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली म्हणजे ब्राह्मण, परिव्राजक आणि बौद्ध भिक्षू या सर्वांना एकाच दात्याने एकाच हाताने दिले आहे. दुसरी म्हणजे या दानांतील फार मोठा भाग वाटेवरच्या माणसासाठी आहे. धर्मशाळा, होडी, घाट, पाणपोई यांची गरज यात्रेकरूला असते. आज तीर्थक्षेत्री भक्तनिवास, पिण्याचे पाणी आणि अन्नछत्र यांसाठी जी देणगी दिली जाते, तिची परंपरा किती जुनी आहे हे या लेखावरून दिसून येते.

याच लेखात एक वेगळा प्रसंगही आला आहे. उत्तमभद्र नावाच्या मित्रगणाला मालवांनी वेढले होते. राजाज्ञेवरून उषवदात ऐन पावसाळ्यात त्यांच्या सुटकेस गेला. त्याच्या येण्याच्या चाहुलीनेच मालव पळाले. तेथून तो पुष्कर तीर्थी गेला, स्नान केले आणि तीन हजार गाई व एक गाव दान दिले. तोवर 'त्याने दिले, त्याने बांधले' अशा तृतीय पुरुषात चाललेला लेख या ठिकाणी एकदम 'मी गेलो' असा प्रथम पुरुषात येतो. मजकूर सांगणाऱ्या दात्याचा आवाजच जणू येथे ऐकू येतो.

अक्षयनीवी म्हणजे काय ?

या सर्व दानांत देणगीदारांनी विशेष लक्ष द्यावे असे दान म्हणजे अक्षयनीवी. 'नीवी' म्हणजे मुद्दल. जे मुद्दल कधीही खर्च करावयाचे नाही, केवळ त्याचे व्याज वापरावयाचे, ती अक्षयनीवी. आजच्या भाषेत कायम निधी.

वर्ष ४२ च्या वैशाख महिन्यात उषवदाताने लेणे संघास अर्पण केले व त्याबरोबर तीन हजार कार्षापण ठेव म्हणून दिले. कार्षापण हे त्या काळचे चांदीचे नाणे होते. ही रक्कम त्याने राजाच्या खजिन्यात ठेवली नाही, किंवा भिक्षूंच्या हातीही दिली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ती गुंतविली. तिचा हिशोब लेखातच दिला आहे :

एका विणकर श्रेणीकडे दोन हजार कार्षापण, दरमहा शेकडा एक या दराने. याचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी द्यावेत, असे लेख सांगतो. वीस गुणिले बारा म्हणजे बरोबर २४०. पैचाही फरक नाही.

दुसऱ्या विणकर श्रेणीकडे एक हजार कार्षापण, दरमहा शेकडा पाऊण या दराने. याचे वर्षाचे व्याज ९० कार्षापण होते. ते भिक्षूंच्या इतर किरकोळ खर्चासाठी राखून ठेवले आहे.

मुद्दल परत द्यावयाचे नाही, ते केवळ व्याज देत राहील, असे लेखात स्पष्ट बजावले आहे. शेवटी हे सर्व निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत वाचून दाखविण्यात आले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदविण्यात आले, असेही नमूद आहे. उद्देश कोणता, मुद्दल किती, ते कोणाकडे ठेवले, व्याजाचा दर काय, लाभार्थी कोण आणि साक्षीला कोण, या सहाही गोष्टी त्यात आल्या. आजच्या कोणत्याही न्यासाच्या दानपत्रात याहून अधिक काय लागते ?

आणखी एक नोंद अशीच मोलाची आहे. भिक्षूंच्या अन्नासाठी उषवदाताने गोवर्धन नगराच्या सीमेवरील एक शेत अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांस विकत घेऊन दिले. तो राजाचा जावई होता, अधिकारी होता. मनात आणले असते तर शेत काढून घेणे त्यास अवघड नव्हते. तथापि त्याने किंमत मोजली आणि किती मोजली ते लिहून ठेवले.

राज्याचा अंत

जैन आवश्यक-साहित्यात नहपानाविषयी एक कथा येते. भडोचचा राजा नहवाहन याच्याकडे अपार धन होते, तर पैठणच्या सालवाहनाकडे मोठे सैन्य होते. सालवाहन वारंवार भडोचला वेढा घाली. परंतु शत्रूचे शिर आणणाऱ्यास नहवाहन भरघोस बक्षीस देई आणि सालवाहनास परतावे लागे. अखेर सालवाहनाने आपल्या अमात्यास खोटा दोष ठेवून घालवून दिले. तो भडोचला गेला, नहवाहनाचा विश्वास संपादन करून मंत्री झाला आणि पुण्य जोडावे असे सांगून त्याच्याकडून देवालये, तलाव, दानधर्म यांवर सारा खजिना खर्च करविला. पुढच्या वेढ्यात बक्षिसाला धन उरले नाही आणि भडोच पडले.

ही कथा शब्दशः इतिहास मानता येत नाही. परंतु क्षहरातांच्या दानांची कीर्ती किती दूरवर पसरली होती, हे तीवरून समजते.

इतिहास इतके निश्चित सांगतो की सातवाहन सम्राट गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरातांचा पूर्ण पराभव केला. त्याची माता गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावी याच्या १९ व्या राज्यवर्षी त्याच त्रिरश्मी डोंगरातील क्रमांक ३ च्या लेण्यात लेख कोरविला. त्यात आपल्या पुत्राचे वर्णन तिने क्षहरात वंश निःशेष करणारा आणि शक, यवन व पल्हव यांचा संहार करणारा, असे केले आहे. या पराभवाचा दुसरा पुरावा १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे सापडला. तेथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एका ठेव्यात मिळाली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. नहपानाच्या मुखवट्यावर सातवाहनांचा डोंगर उमटला. चांदी तीच राहिली, धनी बदलला.

जेत्याने दान चालविले

लेण्यांच्या दानाच्या बाबतीत मात्र गौतमीपुत्राने वेगळा मार्ग अनुसरला. आपल्या राज्याच्या १८ व्या वर्षी, विजयी सेनेच्या छावणीतूनच त्याने गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित यास आज्ञा पाठविली. पश्चिम काखडी गावातील, आजवर उषवदाताने उपभोगलेले दोनशे निवर्तनांचे शेत त्रिरश्मीवरील भिक्षूंना द्यावे, असा तिचा आशय आहे. कार्ले लेण्यातही हेच घडले. तेथील भिक्षूंना उषवदाताने करजिक गाव दिले होते. पुढे सातवाहन राजाच्या मावळातील अमात्यास दिलेल्या आज्ञेने तेच गाव पुन्हा त्या लेण्याकडे राहिले. अभ्यासक ही आज्ञाही गौतमीपुत्राचीच मानतात. शत्रूचा वंश संपविणाऱ्या राजाने शत्रूच्या दानाला धक्का लावला नाही.

याहूनही बोधप्रद आहे ती वर्ष २४ ची आज्ञा. गौतमीपुत्र आणि राजमाता यांनी अमात्य श्यामक यास कळविले की, काखडी येथील शेत पूर्वी भिक्षूंना दिले होते, परंतु ते कसले जात नाही व ते गावही वसलेले नाही. तेव्हा नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून शंभर निवर्तने जमीन त्यांना द्यावी. दान कागदावर होते, पण त्याचे फळ भिक्षूंच्या पात्रात पडत नव्हते. सहा वर्षांनी याची चौकशी झाली, उणीव उघडपणे मान्य केली गेली आणि बदली जमीन देण्यात आली. ही उणीवही त्याच भिंतीवर कोरून ठेवलेली आहे.

विदर्भाशी संबंध

बोरी अरब हे दारव्हा तालुक्यातील गाव प्राचीन विदर्भाच्या भूमीत येते. बलश्रीच्या नाशिक लेखात गौतमीपुत्राच्या राज्यातील प्रदेशांची जी यादी आहे, तीत 'विदभ' म्हणजे विदर्भाचे नाव स्पष्टपणे आले आहे. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा छायास्तंभ, म्हणजे स्मृतिस्तंभ मिळाला आहे. त्यावरून क्षत्रपांचा वावर वैनगंगेच्या तीरापर्यंत पोहोचला होता, हे कळते. दारव्ह्याच्या शेजारच्या प्रदेशात, आजच्या वाशिम जिल्ह्यातील मंगरुळपीर तालुक्यात, तऱ्हाळा येथे १९३९ साली सातवाहन राजांच्या हजाराहून अधिक नाण्यांचा ठेवा सापडला. दोन्ही सत्तांच्या खुणा विदर्भाच्या मातीने अशा रीतीने जपल्या आहेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नागपूर येथे राहून या लेखांचा व नाण्यांचा जो अभ्यास केला, त्यामुळे हा इतिहास मराठी वाचकांपर्यंत पोहोचला.

कार्दमक घराणे आणि शक संवत

क्षहरातांनंतर चष्टन याचे कार्दमक घराणे पुढे आले. त्याचा नातू महाक्षत्रप रुद्रदामा याचा इ.स. १५० च्या सुमाराचा गिरनार येथील लेख संस्कृत गद्यातील आरंभीचा मोठा राजलेख म्हणून प्रसिद्ध आहे. वादळाने सुदर्शन तलावाचा बांध फुटला तेव्हा मंत्र्यांचा विरोध असतानाही, प्रजेवर कर किंवा वेठबिगार न लादता स्वतःच्या खजिन्यातून त्याने तो बांधून काढला, असे त्यात म्हटले आहे. हे घराणे चौथ्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकले. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याने त्याचा अंत केला. याच चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही विदर्भाच्या वाकाटक राजघराण्याची राणी होती.

कार्दमकांनी आपल्या लेखांत व नाण्यांवर इ.स. ७८ पासून सुरू होणारी वर्षगणना सुमारे तीनशे वर्षे अखंड वापरली. ती कनिष्काने सुरू केली असे काही विद्वान म्हणतात, तर काही चष्टनास तो मान देतात. परंतु तिला 'शक' हे नाव मिळाले ते या शक राजांमुळे. बदामीच्या चालुक्य लेखात, शक ५०० मध्ये, ती शक राजाच्या राज्याभिषेकापासूनची गणना म्हणूनच ओळखली जाते. शालिवाहनाचे नाव तिच्याशी मध्ययुगात जोडले गेले. शालिवाहनाने मातीचे सैन्य करून त्यात प्राण फुंकले व शत्रूस जिंकले, ही पैठणची कथा गुढीपाडव्याला आजही सांगितली जाते. भारत सरकारनेही २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून शक संवतावर आधारित राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली.

भाविकांसाठी उपयुक्त माहिती

शक वर्ष कसे काढावे : गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत इसवी सनातून ७८ वजा करावेत, जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९ वजा करावेत. उदाहरणार्थ, ९ एप्रिल २०२४ च्या गुढीपाडव्यास शके १९४६ सुरू झाले.

पाहण्यासारखी स्थळे : नाशिक येथील पांडवलेणी (क्रमांक १० मध्ये उषवदात व दक्षमित्रा यांचे लेख, क्रमांक ३ मध्ये गौतमीपुत्र व बलश्री यांचे लेख), लोणावळ्याजवळील कार्ले लेणी, जुन्नर येथील मानमोडी लेणी. नाशिक-त्र्यंबकेश्वर यात्रेस जाणाऱ्या भाविकांनी पांडवलेण्यांसाठी अर्धा दिवस अवश्य राखून ठेवावा. क्रमांक १० व क्रमांक ३ ही दोन्ही लेणी एकाच डोंगरात, चालत थोड्याच अंतरावर आहेत. एकात दात्याचा लेख आहे, दुसऱ्यात त्याला जिंकणाऱ्याचा. दोन्ही लेख वाचून पुढे जाणाऱ्यास आपण दिलेल्या देणगीची पावती जपून ठेवावी, तिचा उद्देश स्पष्ट लिहून घ्यावा आणि वर्षाकाठी एकदा तिचा विनियोग विचारावा, हे वेगळे सांगावे लागणार नाही.